खुंटीवरची म्हातारी

वाकडं तळं,
९ जानेवारी १९९४

अँब्रोज यास,

लवीनाकडून. आम्ही इकडे बरे आहोत, तूही बरा असशील. पहिल्या ओळीतच पत्र फाडू नकोस. फोन केला असता, पण माझा आवाज ऐकला की तू खाली ठेवतोस. कागद खाली ठेवला तरी पुन्हा उचलता येतो.

आईला एक्क्याऐंशीवं लागलं. गुडघे गेले, जीभ शाबूत आहे. रानतांदूळ यंदा कमी आला, तरी तुझ्या वाटणीचा डबा तिने बाजूला काढलाच. दरवर्षी काढते, मार्चमध्ये आम्हीच खातो. क्लेटसने नवी बर्फगाडी घेतली आणि पहिल्याच दिवशी ती लव्हाळ्यात घातली. चुलतभाऊ झाला तरी सांगते, त्या माणसाला फक्त बैल द्यावा.

आता कामाचं. बर्फ या साली दीड हाताच्या वर आहे. मी मासे मारायची खोपी यंदा बर्फावर बाबांच्या जागेवर नेली. दोन पाइन एकामागे एक दडतात आणि देवळाचा क्रूस होडीघराच्या छपरावर बसतो, ती जागा. इतकी वर्षं मी तिथे गेले नव्हते. का गेले नव्हते ते राहू दे. यंदा गेले.

भोक पाडायला सकाळ गेली. आधी पहारीने कोपरे, मग करवत, धार आतून बाहेर तिरकी धरून, म्हणजे खाली तोंड रुंद होतं. ठोकळा सुटला तेव्हा क्लेटस त्यावर उभा राहून नाचायला लागला. म्हटलं, "उतर मेल्या, त्याच्याबरोबर जाशील." दोघांनी पहारी लावून ठोकळा खाली दाबला आणि बर्फाखाली सरकवून दिला. खोपी भोकावर ओढली, दार लावलं, फटीत चिंध्या कोंबल्या. अंधार झाला की पाणीच उजेड देतं, तुला माहीत आहे. तळ दिसावा म्हणून अंड्यांची टरफलं टाकली. आठवड्याची साठवलेली होती.

टरफलं खाली बसली आणि त्यांच्या मधोमध काहीतरी माझ्याकडे बघत होतं.

मासा नाही. मासा हलतो. हे तीन दिवस तिथेच आहे. निम्मं वाळूत, निम्मं वर. डोळा एकच दिसतो, गोल, आणि ऊन चढलं की चकाकतो. दोन पुरुष खोल पाणी, भाला तिथवर पोचतो पण भाला मारायचा नाहीये. मला फक्त कळायला हवं काय आहे ते. तुला माहीत आहे मी कशी आहे. न कळलेली गोष्ट म्हणजे दातात अडकलेला काटा. तीन दिवसांत मी एक मासा मारला नाही, नुसती पालथी पडून खाली बघते. आई म्हणते, "तळ्यात नवरा सापडला की काय तुला?"

गेल्या शरदात मोठं वादळ झालं, त्याने तळची वाळू हलली असेल. आधी झाकलेलं असेल ते उघडं पडलं असेल. तुला काय वाटतं?

उत्तर द्यायचं तर दे.

लवीना


२४ जानेवारी

अँब्रोज,

तुझं कार्ड आलं. पोस्टातल्या बाईने माझ्या हातात देण्याआधी वाचलं होतं, तिच्या तोंडावरून कळलं. तेरा वर्षांनी लिहिलंस आणि लिहिलंस काय, तर "डोळा बटणाचा आहे का?" नमस्कार नाही, सही नाही. असो. तुझ्या जागी मी असते तर मीही तेच विचारलं असतं.

हो. बटणाचा आहे.

काढलं वर. एवढं सोपं नव्हतं. होडीची दोन लांब वल्ही एकाला एक बांधली, टोकाला तारेचा फास केला. फास जरा लागला की वाळू उठायची, मग पाणी निवळेपर्यंत थांबा. बसून बसून पाठ मोडली. क्लेटस स्टोव्हपाशी बसून हरणाचं सुकं मांस चघळत मला अक्कल शिकवत होता. "डावीकडे. नाही, तुझं डावं." शेवटी त्याला बाहेर काढला.

आणि मग ऐक. तिसऱ्या की चौथ्या खेपेला, पाणी निवळलं होतं, मी फास हळूहळू उतरवत होते, तेव्हा बर्फाच्या कडेखालून एक मस्की आली, मोठे मासे खाणारी ती दांडगी मासोळी. माझ्या पायाएवढी लांब. माशांना भुलवायचा माझा लाकडी मासा वर टांगलेला, चांगला रंगवलेला, डोलतोय. त्याच्याकडे तिने ढुंकूनही बघितलं नाही. सरळ खाली गेली आणि त्या वाळूतल्या वस्तूला तोंड लावलं. हुंगल्यासारखं. मग जरा मागे सरून तिथेच थांबली, कल्ले उघडझाप करत. मी श्वास घेतला नाही. भाला उजव्या हाताला होता आणि मी तो उचलला नाही.

का उचलला नाही ते मला विचारू नकोस. मला बघायचं होतं ती काय करते.

मला अजून कळत नाही. त्यावर रंग राहिलेला नाही. एक पंख गेलाय. वास तर कसला असणार. डोलत नाही, फिरत नाही, मेल्यासारखं पडलंय. आणि बाई त्यालाच बघायला आली. बाबा म्हणायचे तेच खरं असेल, की त्यांच्या वडिलांनी लाकूड नाही कोरलं, मासा आत होता तो बाहेर काढला. तेव्हा मी हसले होते.

मस्की गेल्यावर फास बरोबर बसला. हळूच ओढलं. बर्फाच्या कडेला आली तेव्हा मी बाही भिजवून हाताने धरली. जड. पोटातलं शिसं तसंच आहे. एका बाजूला पितळी खिळ्याचा डोळा, दुसऱ्या बाजूला आईच्या लग्नातल्या कोटाचं बटण.

म्हातारी. आजोबांनी कोरलेला लाकडी मासा.

म्हणजे तू ती विकली नव्हतीस. शिकागोच्या पाहुण्यांना नाही, कोणालाच नाही. घे, लिहिलं. आईला सांगितलं, म्हातारी सापडली, तळाला होती. तिने ती मांडीवर घेतली आणि बटणावरून अंगठा फिरवत राहिली. 

दोरी कुजून तुटली असेल. इतकी वर्षं झाली. कोणाचाच दोष नाही, असंच म्हणायचं.

थंडी फार आहे. अंगावर लोकर घाल.

लवीना


११ फेब्रुवारी

बारक्या,

तुझं दुसरं कार्ड आलं. "दोरी नायलॉनची होती. मीच आणली होती. टोक कसं आहे?"

नऊ दिवस ते कार्ड स्टोव्हच्या वर ठेवलं होतं. रोज वाचलं. माझी शाळा चौथीत सुटली, पण इतकं वाचायला शाळा लागत नाही.

टोक सांगते. म्हातारीच्या पाठीला अजून हातभर दोरी आहे. गाठ माझी आहे, दुहेरी वेढ्याची, शाबूत आहे. टोक एका बाजूला पिंजलंय आणि दुसऱ्या बाजूला सरळ कापलंय. कुजलेली दोरी अशी दिसत नाही. घासून कापलेली अशी दिसते.

तू हे कार्ड टाकण्याआधीच तुला माहीत होतं, हो ना? तुला फक्त माझ्या हाताने लिहून हवं होतं. घे.

त्या दिवशी सकाळी भोक कडेने गोठून अरुंद झालं होतं. बाबांचा नियम तुला पाठ होता, मलाही होता. आधी लाकडी मासा वर घ्या, मगच कड कापा, आणि कापलेला बर्फ दोरीच्या बाजूला कधीच सरकवू नका. मी म्हातारी वर घेतली नाही. बोटं गारठली होती, कंटाळा आला होता, म्हटलं एवढीशी पट्टी तर कापायची. पट्टी कापली, पायाने दाबून खाली सरकवली. म्हातारीची दोरी बांधलेल्या आडव्या काठीला हिसका बसला. मी दोरी ओढली. हलकी आली.

मला तेव्हाच कळलं, बारक्या. दुपारनंतर नाही, दुसऱ्या दिवशी नाही. तेव्हाच.

खाली बघितलं तर गाळ उठलेला, काही दिसेना. आणि बाबा किनाऱ्यावरून चालत येत होते. उरलेली दोरी मी स्टोव्हमध्ये टाकली. त्यांनी विचारलं, "म्हातारी कुठाय?" मी म्हटलं, "काल संध्याकाळी खुंटीवर टांगली होती. आता नाही. अँब्रोज नंतर आत गेला होता." एवढंच म्हटलं. त्यातलं शेवटचं खरं होतं, म्हणून बाकीचंही खरं वाटलं. त्याआधीच्या उन्हाळ्यात तू रेडिओसाठी बाबांचे दोन लाकडी मासे विकले होतेस, आणि कबूलही केलं होतंस. पुढचं बाबांनी स्वतःच जुळवलं.

पण एवढ्यावर मी थांबले नाही. हिवाळ्याच्या जेवणाला, सगळ्या म्हाताऱ्या माणसांसमोर, तू माझ्याकडे बघून म्हणालास, "लवीने, तू सांग ना यांना." आणि मी म्हटलं, "काय सांगू? चोर तो चोरच." ते शब्द मी विसरले असं स्वतःला सांगत आले. विसरले नाही.

तेरा वर्षांपूर्वी बाबा गेले तेव्हा तू बाहेर गाडीत बसून राहिलास. मी खिडकीतून बघत होते. तेव्हाही दार उघडून दोन पावलं चालले असते तर झालं असतं. त्याची भरपाई माझ्याकडे नाही. म्हणून माफी मागत नाही, उगाच तुझ्यावर ओझं.

आईला सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "धुण्याचा टब भर." भरला. म्हातारी पाण्यात सोडली, दोरीने हलकेच उचलली. पूर्वी डावीकडे गोल फिरायची, आठवतं? एक पंख गेल्यामुळे आता उजवीकडे फिरते. आई बराच वेळ तेच बघत होती. मग म्हणाली, "जिथे बोललीस तिथेच बोल."

गुरुवारी त्याच दालनात म्हाताऱ्या माणसांचं जेवण असतं. मी म्हातारी बगलेत घेऊन गेले. उभी राहिले आणि सांगितलं, जसं तुला लिहिलं तसंच. तळणीच्या पोळ्या वाढत होत्या त्या पोरीसुद्धा थांबल्या. फिलोमीन आजी नव्वदीच्या आहेत, कानाने कमी. त्या मोठ्याने म्हणाल्या, "काय म्हणतेय ती?" क्लेटस त्यांच्या कानात ओरडला, "लवीनाने घालवली आणि अँब्रोजवर ढकललं!" "हात्तिच्या," फिलोमीन म्हणाल्या, "एकवीस वर्षं? कासव लवकर पोचतं." कोणी हसलं, कोणी नाही हसलं. दोनचार जणींनी ताट घेऊन माझ्या शेजारून उठून दुसरीकडे बसणं पत्करलं. बसू देत. तुझ्या वेळी सगळेच उठले होते.

मग सगळ्यांना ती हातात घेऊन बघायची होती. टेबलावरून टेबलावर फिरली. तुझं नाव त्या दालनात लोकांनी सरळ आवाजात घेतलं, कोणी खाली बघितलं नाही. हे तुला कळावं म्हणून लिहिते.

आता एक विचारायचं आहे, आणि हे फक्त तूच सांगू शकतोस. ती मस्की परत आली. दोनदा आली. म्हातारी तिथे नाही तरी त्याच जागेवर जाऊन थांबते, वाळूतल्या खड्ड्यापाशी. मी भाला मारत नाही. ती काय शोधते? लहानपणी तू तासन्‌तास पालथा पडून मासे बघायचास, भाला विसरून, आणि बाबा ओरडायचे. तुला कळेल. मला एकटीला कळत नाहीये.

भोक मी रोज सकाळी फोडून उघडं ठेवते. कड कापण्याआधी दोरी वर घेते. कोपऱ्यांना फरच्या फांद्या रोवल्या आहेत, म्हणजे अनोळखी माणूस पडणार नाही, आणि ओळखीच्याला लांबून दिसेल. खोपीत दुसरा लाकडी ठोकळा बसायला ठेवलाय. बर्फ मार्चच्या मध्यापर्यंत टिकेल. तुझ्या तांदळाचा डबा या वेळी आम्ही उघडला नाही. आईने झाकणावर हात ठेवलाय, मला शिवू देत नाही.

येणं न येणं तुझ्यावर.

म्हातारी खोपीत खुंटीवर टांगली आहे. या वेळी खरंच टांगली आहे.

तुझी बहीण,
लवीना