राखणीचा घोट

रवि. २३ नोव्हें. ८६, जोगेश्वरी
चाळीमागच्या पिंपळाखाली राखण दिली, राखणदार देवाचा वर्षाचा मान. कोंबडा, नारळ, बाटली. माझी जाऊ सुमन बाहेरची बसलेली, म्हणून पेला मी घासून दिला. चाळीतले जाणते गावकरमामा, त्यांनी देवाला गाऱ्हाणं घातलं, देवाला ओतून उरलेली पुरुषांत वाटली.
धाकटा दीर बाबू, सुमनचा नवरा, एरवी पाव बाटली रिचवून सरळ चालतो. आज एका घोटात तोंड तांबडंलाल, छातीत धडधड, ओकाऱ्या. बाकी कुणाला काही नाही.
मामा म्हणाले, विधवेचा हात लागला, देव कोपला.

सोम. २४
बाबू उठून बसला. मामांनी ठरवलं, येत्या रविवारी देवाची माफी मागून पुन्हा राखण. बाबूने पेला भरून प्यायचा. मी घरात थांबायचं.
पेला राखेने घासला होता, स्वच्छ होता. मग बिघडलं कुठे?

मंगळ. २५
सुमनकडून कळलं, बाबूला आव पडत होती, गोळ्या चालू आहेत. पाकीट घेऊन नाक्यावरच्या डॉक्टरांकडे गेले. म्हणाले, या गोळ्यांवर घोटभरसुद्धा दारू चालत नाही, बाबूला बजावलं होतं.
घरी येऊन विचारलं. बाबू म्हणतो, "सांगलेला गो वयनी. पण ता तीर्थ. दारू खंय होती?"


बुध. २६
कालचं एक लिहायचं राहिलं. डॉक्टरांना ह्यांचंही विचारलं. शेवटच्या वर्षी अर्ध्या पेल्यातच झोकांड्या जायच्या. चाळ ह्यांना हसायची, भाऊ स्वस्तात झिंगतो म्हणून. डॉक्टर म्हणाले, लिव्हर खराब झालं की थोडीही जास्त चढते. तेव्हा कुणी सांगितलं नाही. वाचनालयातून शरीरावरचं पुस्तक आणलंय. लिव्हरचं प्रकरण दोनदा वाचलं. ह्यांचा फोटो समोरच होता.

शुक्र. २८
मामांकडे जाऊन सगळं सांगितलं. देवाला बाटली द्या, बाबूला नारळाचं पाणी द्या, म्हटलं. मामा म्हणाले, "आता तू आम्हाला गाऱ्हाणं शिकवणार?"
"गाऱ्हाणं तुमचंच, मामा. दीर माझा आहे. रविवारी मी तिथे उभी असणार."
चहा न घेता उठले.

रवि. ३०, सकाळ
बाबूच्या गोळ्या अजून संपायच्या आहेत. त्याला पुन्हा सांगितलं. मान हलवली, पण मामांसमोर त्याची मान दोन्हीकडे हलते.
पेला मीच घासला. सुमन म्हणाली, "वैनी, मीपण येते." नारळ तिने घेतला.
मामा बाटली घेऊन पुढे गेलेत. बाबू जिन्यात चपला शोधतोय, कधीचा. पेला माझ्या हातात आहे. निघतो आम्ही.