घंटी मांजराने फोडली

दर्पण कॉलनी, ग्वाल्हेर
रविवार, १२ जानेवारी २०२५

प्रिय गुरुप्रसाद,

सप्रेम नमस्कार. तू नागपुरात खुशाल असशील. इकडे चार दिवस ऊन पडलेलं नाही. काकूंच्या हाताचं प्लास्टर निघालं, मूठ नीट वळते, तेव्हा आईची काळजी करू नकोस. नऊ वर्षांनी माझं पत्र बघून दचकला असशील. फोनवर मी अडखळतो, म्हणून लिहितो. आधी कच्चं लिहिलं, हे पक्कं आहे.

मी दाल बाजारात एका किराणा व्यापाऱ्याकडे कामाला आहे. दिवाळीआधी काकू पडल्या, तेव्हापासून रविवारी हरिशंकरपुरमला तुमच्या घरी सामान पोचवतो. पहिल्याच दिवशी त्या टीव्ही बंद करत म्हणाल्या, “या सिरियलींत सगळ्या एकमेकींना विषच पाजतात. तू काय बघतोस रे?”

मला सांगायची लाज वाटली. मी एक जपानी ॲनिमे बघतो, कार्टूनच ते, दोन लहान मित्रांची गोष्ट. त्यात कुणी ओरडत नाही. शाळेतून येताना दोघं मळ्यातला मुळा उपटतात, ओढ्यात धुतात, अर्धा अर्धा खातात, एवढ्यात एक भाग संपतो. मी दुकानाचं कुलूप रोज तीनदा ओढून बघतो. एक भाग बघितला की दुसऱ्या दिवशी एकदाच ओढतो.

“मग लाव की,” काकू म्हणाल्या.

बोलणं जपानी, खाली बारीक हिंदी अक्षरं. काकूंना ती दिसत नाहीत, म्हणून मी मराठीत सांगतो. आधी एकटा बघून वाक्यं वहीत लिहून नेतो. मुलांची नावं त्यांच्या लक्षात राहीनात, तेव्हा त्यांनीच एकाला गुरू केलं, एकाला अंशुल, म्हणजे तू आणि मी. एकूण बारा भाग आहेत. दर रविवारी एक.

आठव्या भागात तो अंशुल दुकानातल्या आजोबांची काचेची घंटी फोडतो आणि आळ गुरूवर येतो. वहीत सगळं लिहिलं होतं, पण मला वाचवेना. मी म्हटलं, मांजराने फोडली.

पुढच्या रविवारी काकू म्हणाल्या, “मांजर तर कुठे दिसलंच नाही.”

“मागच्या खिडकीतून आलं होतं.”

त्याच्या पुढच्या रविवारी, “मग हा पोरगा रोज गुरूच्या दारापर्यंत जाऊन वापस का येतो?”

“त्याला सर्दी झाली आहे, काकू.”

आज अकरावा भाग. त्यातला अंशुल ओढ्याकाठी एकटा बसून रडत होता. काकूंनी रिमोट घेऊन चित्र थांबवलं. “सर्दीने एवढं कुणी रडत नाही. सच बता, अंशुल.”

मी सांगितलं. आधी घंटीचं, मग आपलं.

गुरू, दहावीच्या गणिताच्या पेपरला तुझ्या बाकाखाली जो कागद सापडला, तो माझा होता. सर जवळ आले तेव्हा मी तो पायाने पुढे सरकवला. तू वळून माझ्याकडे बघितलंस आणि गप्प राहिलास. तुला कळलं होतं की नाही, मला आजवर ठाऊक नाही. तुझं वर्ष गेलं, तू मामाकडे नागपूरला गेलास. मी उरलेले पेपर दिलेच नाहीत. घरी म्हटलं, डोकं दुखतं. ती शिक्षा मीच मला दिली असं मानत होतो, पण त्याचा तुला काय उपयोग झाला?

काकूंनी तिळाच्या गजकचा डबा काढून माझ्यापुढे ठेवला. मग म्हणाल्या, “हे मला का सांगतोस? साल माझं थोडंच गेलं होतं?”

म्हणून हे पत्र. माफ कर असं लिहायचा धीर होत नाही, पण मागायचं तेच आहे.

निघताना मी विचारलं, पुढच्या रविवारी शेवटचा भाग लावू का? म्हणाल्या, “राहू दे. गुरू होळीला येतोय, तेव्हा तिघं बघू. वाचायचं काम त्याला देऊ, तू गडबड करतोस.”

तो भाग मी अजून बघितलेला नाही. वहीची पानं कोरी ठेवली आहेत. तू आलास आणि मला बोलावलं नाहीस, तरी काकूंना तो नक्की वाचून दाखव. बोलावलंस तर मुळे मी घेऊन येतो.

त्या कागदावर नाव नव्हतं. या कागदावर पूर्ण लिहितो.

तुझा,
अंशुल जयसिंहराव इंगळे