उंदीर क्रमांक सतराचा उजवा पंजा

अमरावती,
८ जानेवारी

तीर्थरूप शकुनताईंस,

धाकट्या भावाचा शिरसाष्टांग नमस्कार. तेल्हाऱ्यास थंडी बेताची असावी व किसनराव भाऊजींचा खोकला उतारावर असावा, ही अपेक्षा.

अकोल्याच्या सांधेतज्ज्ञांची वेळ मी दोनदा का रद्द केली, असे तुम्ही फोनवर खडसावलेत ("कावून रे, बोटं लाकडावानी झाले तरी घरीच बसून राहशीन काय?"). त्याचे सविस्तर उत्तर फोनवर देता येत नाही.

आमच्या औषधनिर्माण महाविद्यालयातील वार्षिक साठा-पडताळणीत यंदा प्राणीगृह माझ्या वाट्याला आले. (जिवंत उंदरांची नोंद टेबल-खुर्च्यांच्या जडसंग्रह वहीत होती. मी हरकत घेतली. प्राचार्यांनी 'पुढील वर्षी पाहू' असा शेरा मारला. उंदीर पुढील वर्षापर्यंत थांबत नाहीत.) तेथील संशोधक अफिफा यांनी मला क्रमांक नऊ दाखवला. अंगातल्या रक्षक पेशी त्याच्याच सांध्यांवर तुटून पडल्या होत्या. पंजे टरटरून सुजलेले. मी कारण विचारले, कारण रकाना कोरा ठेवणे मला पसंत नाही. "काका, त्या पेशींनी घरच्यालेच परकं ठरवलं. आता कितीबी सांगा, ऐकून नाही राहिल्या."

पुढे नऊला संपवून त्याच्या प्लीहेतल्या पेशी धडधाकट क्रमांक सतराला टोचल्या. बाराव्या दिवशी, सकाळी अकरा वाजता, लख्ख उन्हात, सतरा कोपऱ्यात उजवा पंजा हवेत धरून बसला होता, हुबेहूब नऊसारखा. नऊला त्याने कधी पाहिलेले नव्हते. पेशी आल्या हे मान्य, परंतु बसण्याची ढब कशी आली, हे अफिफांनाही सांगता आले नाही. मी सहीसाठी पेन उचलायला गेलो. बोटे मिटली नाहीत. उरलेले एकतीस उंदीर कुरतडायचे थांबले. सतरा माझ्या हाताकडे पाहत राहिला, मी त्याच्या पंजाकडे. हे किती वेळ चालले, याची नोंद नाही.

काही पेशी लगाम घालणाऱ्याही असतात म्हणे. त्या कमी पडल्या की बाकीच्या माजतात. (तुम्ही सासरी गेल्यावर आपल्या घराचे हेच झाले. बंडूदादा माझ्याशी अकरा वर्षे बोललेला नाही.) डॉक्टरांनी माझ्या बोटांना नऊच्याच रोगाचे नाव दिले तर, या एका प्रश्नापुढे माझे पाऊल अडते.

मोठ्यांना नमस्कार, पोरांना जे योग्य वाटेल ते.

आज्ञाधारक (दोन प्रसंग वगळता),
जीवन

ता. क. – सोमवारी साडेदहाची वेळ पुन्हा घेतली आहे. अकोल्याच्या बसस्थानकावर या आणि मला दंडाला धरून न्या. अन्यथा मी परतीची बस पकडेन.

ता. क. २ – वरील सर्व मजकूर मी सांगितला व माझ्या लेकीने, आरतीने, लिहिला. या ओळी तिच्या नकळत माझ्या हातच्या, म्हणून अक्षर असे. आज सकाळी तिने डब्याचे झाकण उघडायला माझ्याकडे दिले. माझ्याकडे! तिला उघडले नव्हते. मलाही उघडले नाही. सोमवारी मी दोन नावे नोंदवली आहेत. दुसरे कोणाचे, ते तिला तुम्ही सांगा.