रणधीरचं ॲव्हरेज

१२ जानेवारी, सोमवार

आठ! पुन्हा आठच! येरमाळ्याहून तुळजापूरला जाऊन आलो, डिझेल फुल करून मोजलं — लिटरला आठ किलोमीटर. आणि रणधीरला त्याच रस्त्यावर, तीच चाकांवरची खोली मागं लावून, अकरा! गाडी दोघांची सारखीच. दोघांनी एकाच दिवशी, एकाच शोरूममधून आणली. मग त्याची पिकअप काय हवेवर चालते?

१३ जानेवारी

लिहून काढतो, डोकं तरी थंड होईल. आण्णासाहेबांची चाकांवरची खोली. दोन पलंग, संडास-बाथरूम, सहाशे लिटर पाण्याची टाकी. लॉज भरले की देवीला येणारी कुटुंबं ती भाड्यानं घेतात. सध्या मी आणि रणधीर आळीपाळीनं ओढतोय. डिझेल आण्णासाहेबांचं, त्यामुळं त्यांनी आधीच सांगितलंय, "ज्याची गाडी कमी पील, त्याला वर्साचं काम." सोयाबीनची वाहतूक संपली की पिकअपला दुसरं काम नाही. हे गेलं की गाडी दारात उभी.

१६ जानेवारी

शिवगंगा जेवायला वाढता वाढता म्हणाली, "रणधीरभावजींचा हात लई हलका हाय म्हनं गाडीवर." बायको माझी, कौतुक त्याचं!

१९ जानेवारी

टायरात हवा वाढवली. एसी बंद. साठच्या वर गेलो नाही. उताराला गाडी न्यूट्रल केली — मागून खोलीनं असा रेटा दिला की ब्रेकचा जळका वास आला. आत म्हातारी माणसं होती. देवीचं नाव घेत खाली आलो.

एवढं करून साडेआठ.

२३ जानेवारी

त्याला साडेअकरा. "कसं काय रे?" म्हणालो. नुसता हसला. ते हसू डोळ्यांपुढून जात नाही. जळतोय मी त्याच्यावर. इथं लिहायला कसली लाज!

२७ जानेवारी

केलं. आण्णासाहेबांना म्हणालो, "रणधीर उताराला न्यूट्रलवर सोडतो खोली. म्या डोळ्यानं बघितलं."

कसलं बघितलं! माझाच उद्योग त्याच्या नावावर खपवला. आण्णासाहेब म्हणाले, "आत लेकरंबाळं असतात. असला ड्रायव्हर नगं मला." काम मला मिळालं. शिवगंगेनं शिरा केला. गोड लागला, खोटं कशाला बोलू.

३० जानेवारी

रणधीर आला. भांडायलाच आला असं वाटून उठून उभा राहिलो. हातात त्याच्या गाडीचे लांब दांड्याचे आरसे. "लाव तुझ्या गाडीला, शंभू. खोलीच्या मागचं समदं दिसतंय."

मग ओट्यावर टेकला. "खोलीच्या टाकीत पानी कुठं भरतूस?"

इथंच, म्हणालो. आपल्या बोअरवर, काठोकाठ. टँकरमागं घागरी घेऊन पळालेली माणसं आपण. पाणी मागं ठेवून कोण घर सोडतं?

"तितंच चुकतूस गड्या. साशे किलो वढत न्हेतूस. म्या टाकी मोकळी न्हेतो, तुळजापुरात शिरताना भरतो. आदी सांगितलं असतं तर काम गेलं असतं ना माझं!" हसला. तेच हसू.

काम का गेलं, ते मी विचारलं नाही. तोच म्हणाला, "कुनीतरी कायबाय भरवलं असंल त्यांना. जाऊ दे." चहा पिऊन गेला.

असं वागणं त्याला जमतं कसं? ह्याचाही हेवा वाटतो मला!

३ फेब्रुवारी

टाकी मोकळी नेली. अकरा. शिवगंगा खूश. मी जेवलो नाही.

५ फेब्रुवारी

आण्णासाहेबांना सगळं खरं सांगितलं. त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही. "काल यायचं हुतंस. काल सांच्याला रणधीरनं गाडी इकली."