आई विसरेपर्यंत

मी, खाली सही करणारी, वय एकतीस, काम मातीच्या शिल्पांचं, राहणार आई-बाबांकडेच, पूर्ण शुद्धीत आणि डोकं ठिकाणावर असताना हे मृत्युपत्र लिहून ठेवते. कोणाची जबरदस्ती नाही. औषधांची गुंगी दुपारनंतर चढते, म्हणून सकाळी लिहितेय. डॉक्टरांनी तसा दाखला दिलाय, तो सोबत जोडलाय. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. या वयात कोण करतं?

कलम १. बँकेत जे काही आहे ते आईच्या गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी. त्यातून माझ्या नावाने बाक, पंखा, बक्षीस असलं काहीही करू नये. आई म्हणेल, "आता कशाला, चालतंय की." चालत नाहीये. कोणी बघत नसलं की ती जिना बसून उतरते.

कलम २. फिरता स्टँड सोडून बाकी सगळी हत्यारं साचेवाल्याला. हा माझा कॉलेजपासूनचा मित्र. माझ्या कामांचे प्लास्टरचे साचे तोच काढतो, आणि या मृत्युपत्राचा व्यवस्थापकही तोच. दुसऱ्या वर्षाला असताना त्याने माझी सगळ्यात चांगली कोरणी ढापली आणि आजवर "माझ्याकडे नाही" म्हणतो. ती आता कायद्याने तुझी झाली रे. आता तरी बाहेर काढ.

कलम ३. चष्मेवाला, ज्याच्याशी माझं लग्न ठरलं होतं, त्याला काही नाही. माझे केस गळायला लागल्यावर त्याला अचानक परगावी नोकरी लागली. भेटायला आलाच तर आईने चहा द्यावा. साखर घालायची की नाही ते तिने ठरवावं.

कलम ४. साबणाचे चेहरे गॅलरीवाल्या बाईंना. प्रदर्शनात लोकांनी त्या साबणांनी हात धुतले, नाकं-डोळे वाहून गेले, जे गोळे उरले ते. बाईंनीच मला पहिल्यांदा जागा दिली, हे मी विसरलेले नाही. तेव्हा एका समीक्षकाने लिहिलं होतं, 'काळ हेच हिचं माध्यम.' ते कात्रण मी भेटेल त्याला दाखवत सुटले होते. आता काळ म्हटलं की पुढच्या रिपोर्टची तारीख आठवते.

पण बाईंना मोठी मिळणार नाही.

कलम ५. मोठीबद्दल. आम्ही जुळ्या. ती आधी आली म्हणून ती मोठी आणि मी धाकटी, घरात हीच नावं. मोठी सात वर्षांची असताना तापाने गेली. पुढच्या वाढदिवसाला मी आठ वर्षांची झाले, ती सातचीच राहिली. म्हणजे मी तिच्याहून मोठी. हे मला कधीच पटलं नाही.

कॉलेजात आरशात बघून स्वतःचं डोकं मातीत करायचं होतं. आई बघायला आली, ओल्या गालावर हात ठेवला आणि हाक मारली, "मोठे."

मग मी ते भट्टीत घातलं नाही. साचाही काढू दिला नाही, कारण साचा काढताना आतली माती मोडते. ओल्या फडक्यात गुंडाळून घरी आणलं, मागच्या खोलीत स्टँडवर ठेवलं. दर वाढदिवसाला आरशात बघायचं आणि तिला एका वर्षाने वाढवायचं. मग आजारात माझे गाल बसले. तिचेही खरवडायला मी तार उचलली, तर आईने मनगट धरलं. "तिला राहू दे गं. ती तरी बरी असू दे."

फडकं रोज ओलं करावं लागतं, नाहीतर माती वाळून तडकते. मी हॉस्पिटलात असताना आई करायला लागली, ती अजून करतेय.

मध्यंतरी साचेवाला आलेला असताना गॅलरीवाल्या बाई घरी आल्या. म्हणाल्या, "हॉलच्या मधोमध ठेवू. वर एक दिवा, पाणी बंद. लोकांसमोर तडे जाऊ देत. मरणावर याहून खरं काम होणार नाही."

आई पाण्याचं भांडं घेऊन दारातच उभी होती. साचेवाला घाईघाईने म्हणाला, "मावशी, मी ब्राँझमध्ये करून देतो. कायमची राहील."

"मग पाणी नाही लागणार?"

"अजिबात नाही."

"मग मी सकाळी उठून काय करू?"

 

म्हणून मोठी आईची. प्रदर्शन नाही, ब्राँझ नाही. आई, वाटेल तोवर पाणी घाल.

कलम ६. हे साचेवाल्याने आईसमोर वाचू नये. बाबांनी एकट्याने वाचावं.

बाबा, तुम्ही त्या खोलीत कधी आला नाहीत. पण तुमचे बनियन फाटायच्या आधीच 'जुने झाले' म्हणून दाराच्या कडीला लटकतात, धुतलेले, मऊ. इतकी वर्षं मोठी तुमच्याच बनियनात गुंडाळलेली आहे. तुम्हाला हे माहीत आहे, हे मला माहीत आहे.

मी गेल्यावर आई दोघींसाठी त्या खोलीत जाईल. मला त्याचीच भीती वाटते. तिचं उरलेलं सगळं आयुष्य एका फडक्याला बांधलं जाईल. तिला थांब म्हणणं माझ्याने होत नाही, तुमच्यानेही होणार नाही. पण गुडघे बरे झाले की ती कधीतरी फिरायला जाईल, कोणाशी बोलत बसेल, हसेल, आणि पाणी घालायचं राहून जाईल. एका दिवसाने काही बिघडत नाही. दुसऱ्या दिवशी आठवलं तर घालू दे. पण एखाद्या वेळी चार दिवस जातील. तिच्या लक्षात येणार नाही. तुमच्या येईल.

तेव्हा तिला आठवण करू नका. गुपचूप स्वतःही पाणी घालू नका.

गॅलरीत प्रत्येक कामाखाली पाटी असते. याची अशी: 'मोठी. माती, पाणी, बनियन. आई विसरेपर्यंत.'

पहिला तडा मानेला जाईल, तिथे माती पातळ आहे. मग तुम्ही खोलीत या. बनियन सोडवा आणि तिला एकदा नीट बघून घ्या. घाई करू नका, त्यात मीही आहे, बरी असतानाची. नंतर साचेवाल्याला बोलवा. तो माती फोडून पिंपात भिजत घालेल. भिजली की ती परत कामाची होते.

सही: धाकटी

साक्षीदार:
१. वॉर्डातल्या डॉक्टर, सहीसाठी घरी आलेल्या
२. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई

कलम सहाचं पान दुमडून ठेवलं होतं, दोघींनी ते वाचलेलं नाही. शिंपीणबाईंच्या सहीवर पाणी पडून शाई फुटली आहे, पण सही त्यांचीच.

ठिकाण: मागची खोली, स्टँडशेजारी
दिनांक: आमचा वाढदिवस. आज दोघींचं वय एकतीस.