कलावतीकडची किल्ली

३ मार्च
कलावतीला कामावरून काढून टाकलं. चौदा वर्षं झाली होती, पण शिस्त म्हणजे शिस्त. विश्रामच्या चपला मी दाराबाहेर ठेवते, निव्वळ सिक्युरिटीसाठी. घरात पुरुष आहे असं चोराला वाटावं. हिने न विचारता त्या वॉचमन पंढरीला देऊन टाकल्या. वर मलाच सांगते, साहेब जाऊन नऊ महिने झाले. मला महिने मोजता येतात. पंढरीच्या पायातून काढून परत आणल्या.

संध्याकाळी ७
आपल्या लॅचची दुसरी किल्ली तिच्याकडेच राहिली.

४ मार्च
लॉक उद्याच बदलणार. वागळे इस्टेटचा चावीवाला शनिवार म्हणतो. तोवर दाराला आतून खुर्ची, खुर्चीवर रिकामा कुकर. कोणी दार ढकललं की पडेल. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला प्रसंगावधान शिकवलंय.

५ मार्च, सकाळी ६.१०
दूधवाल्याची बेल. झोपेत खुर्ची ओढली, कुकर पायावर. अंगठा काळानिळा. तो विचारतो, कलावतीबाई कुठे गेल्या? त्याच्याशी बोलणं बंद.

८ मार्च
चावीवाला आला नाही. टोरांटोहून मैथिलीचा फोन. फोन करून किल्ली मागून घे ना, आई. संशयितांना मी फोन करत नाही म्हटलं. तिने विचारलं, आजवर तिने नेलं तरी काय? रेंज गेली, असं सांगून ठेवला.

९ मार्च
दुपारी चार ही कलावतीची वेळ. येणार तर तेव्हाच. रंगेहाथ पकडायला खुर्ची, कुकर बाजूला केले आणि दारासमोर बसले. चहा दोन कप केला, घरात दोघं आहेत असं वाटावं म्हणून. सहापर्यंत बसले.

१० मार्च
आजही बसले. नाही आली.

११ मार्च
नाही. चहा उरतो.

१३ मार्च
चावीवाला उगवला. नवीन लॉक, तीन किल्ल्या. म्हणे, एक नातेवाइकांकडे ठेवा, आजी. आजी कोणाला म्हणतो हा? तिन्ही खिळ्याला अडकवल्या.

१५ मार्च
पंढरीने जुनी किल्ली आणून दिली. कलावती गेटवर ठेवून गेली म्हणे. कागदात नीट गुंडाळलेली. वर आली नाही. काही म्हणाली का विचारलं. नाही म्हणाला.

१७ मार्च
शांतपणे विचार केला. मी बाथरूममध्ये पडले तर दार तोडावं लागेल, नवीन लॉक फुकट. तेव्हा केवळ सिक्युरिटीच्या दृष्टीने एक किल्ली बाहेर हवी. कलावतीला फोन केला. कामाचं बोलत नाही, फक्त किल्ली सांभाळ, असं स्पष्ट सांगितलं. चपलांचा विषय मोठ्या मनाने काढला नाही.

ती कालच कोपरला लेकीकडे राहायला गेली. इथली बाळकुमची सगळी कामं सोडली. अंगठा कसा आहे विचारलं. दूधवाल्याने सांगितलेलं दिसतं.

मग म्हणाली, "किल्ली कोणा जवळच्या माणसाकडे ठेवा, ताई."

तशी पुष्कळ आहेत, म्हटलं.

चार वाजता दार तपासलं. लॉक उत्तम आहे. कोणीही आत येऊ शकत नाही.