उलट्या सुईचा पुरावा

तीर्थरूप बाबा,

भांडखोर लेकीचा नमस्कार आधी घ्या, मग रागवा.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. खोकला जवळजवळ गेलाच आहे. आईच्या गुडघ्याला रोज तेल लावता ना?

सरांशी माझं वाजलं, हे ताईने सांगितलंच. आमच्या प्रयोगशाळेतल्या यंत्रात केसाहून बारीक टोकाची चुंबकी सुई असते. ती आधी नमुन्याचे उंचसखल भाग चाचपते, मग जराशी वर उचलून त्याच वाटेने पुन्हा फिरते आणि चुंबकाची ओढ टिपते. माझ्या चित्रात काळे-पांढरे पट्टे आले; माझ्या मते ती चुंबकाचीच ओढ. सर सगळ्यांदेखत म्हणाले, "हे नुसते ओरखडे आहेत. अहवालातून काढून टाक."

"काढणार नाही," मी म्हणाले.

तुमचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आठवलं. घड्याळाला चुंबक लागलाय हे गिऱ्हाईक मानत नसलं, की तुम्ही शेजारी होकायंत्र ठेवायचात. काटा हलला की वाद मिटायचा. मीही तेच केलं. सुईजवळ चुंबक उलट्या बाजूने धरून तिचं चुंबकत्व उलटं केलं आणि तीच जागा पुन्हा तपासली. ओरखडे असते तर तसेच दिसले असते. इथे काळ्याचं पांढरं झालं आणि पांढऱ्याचं काळं.

सर दोन्ही चित्रं बघून निघून गेले. पुढच्या वर्षी मला ठेवतील की नाही, कोण जाणे. पट्टे मात्र अहवालात राहणार.

तुम्ही लिहिलंत, मोठ्या माणसाची माफी मागून मोकळी हो. काटा हलल्यावर तुम्ही कुठल्या गिऱ्हाइकाची माफी मागितली होती, तेवढं कळवा. मग मीही मागते.

तुमच्याच वळणावर गेलेली,
मिरची